रंगाने दाखवलेला कात्रजचा घाट

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात पांढऱ्या वाघासमोरची गर्दी लवकर हलत नाही. पुण्यातल्या कित्येक मुलांनी पांढरा वाघ पहिल्यांदा पाहिला तो इथेच. अंगावर पिवळा रंग कुठेच नाही, डोळे निळसर, काळे पट्टे मात्र जिथल्या तिथे. मुलं विचारतात, हा आजारी आहे का? बर्फातून आणलाय का? मोठी माणसं काहीतरी सांगून वेळ मारून नेतात आणि सर्पोद्यानाकडे वळतात. पण त्या प्रश्नांचं खरं उत्तर इतकं विलक्षण आहे की त्यासाठी थांबायलाच हवं. ज्या जनुकातल्या एका बदलाने वाघाचा पिवळा रंग गेला, त्याच जनुकातल्या दुसऱ्या एका बदलाने युरोपातली माणसं गोरी होण्यात मोठा वाटा उचलला. आणि हे घडलं माणसाच्या इतिहासाच्या हिशेबाने अगदी काल-परवा.

आधी वाघाचं सांगतो. १९५१ साली रीव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनी जंगलातून एक पांढरा बछडा पकडून आणला. त्याचं नाव मोहन. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत आज जे पांढरे वाघ दिसतात, ते बहुतेक या मोहनच्याच वंशातले. २०१३ साली चीनमधल्या संशोधकांनी पांढऱ्या आणि नारिंगी वाघांच्या एका कुटुंबाचा डीएनए वाचला, तेव्हा रंगाचा फरक सापडला तो एसएलसी४५ए२ नावाच्या जनुकात, आणि तोही एका अक्षराचा. या जनुकाबरहुकूम जे प्रथिन तयार होतं, त्याच्या साखळीत ४७७व्या जागेवरचा घटक बदलला की पिवळा-तांबडा रंग बनत नाही. काळा बनत राहतो, म्हणून पट्टे शाबूत. म्हणजे हा वाघ आजारी नाही, सर्व रंग गमावलेला अल्बिनो नाही, आणि बर्फातला तर मुळीच नाही. दोन नारिंगी वाघांच्या पोटीसुद्धा तो जन्माला येऊ शकतो. नारिंगी भावाचा आणि त्याचा वंश एकच, फक्त रंग वेगळा.

हेच जनुक आपल्याही पेशीपेशीत आहे. माणसाच्या प्रथिनात ३७४व्या जागेवर एक बदल आढळतो. आजच्या युरोपात तो जवळपास सर्वांकडे आहे, भारतात फार थोड्यांकडे.

कातडीचा रंग बनतो कसा, हे थोडक्यात पाहू. त्वचेच्या वरच्या आवरणाच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य बारीक कणांत भरतात आणि ते कण आजूबाजूच्या पेशींना पुरवतात. मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ही वाटते की या रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या सर्व माणसांत साधारण सारखीच असते. सुदानी माणसाकडे त्या जास्त आणि स्वीडिश माणसाकडे कमी असं नाही. फरक पडतो तो कण किती मोठे, किती भरलेले आणि त्यांत काळं-तपकिरी मेलॅनिन किती, तांबूस-पिवळं किती यावर. त्या कणांच्या आतली आम्लता जरा वाढली की रंग तयार करणारं विकर सुस्तावतं. एसएलसी४५ए२ हे जनुक ती आम्लता आटोक्यात ठेवण्याच्या कामात असतं. गोरी कातडी ही निराळ्या घडणीची कातडी नव्हे. तेच रंगद्रव्य, पण कमी बनलेलं, एवढीच तिची हकिकत.

आपला सगळ्यांचा मूळ रंग कोणता? चिंपांझीच्या काळ्या केसांखालची कातडी बरीचशी फिकट असते. आपले फार जुने पूर्वजही तसेच असावेत. मग आफ्रिकेच्या मोकळ्या, तापलेल्या माळरानावर चालता-पळताना अंगावरचे केस विरळ झाले, घामाने शरीर थंड ठेवण्याची सोय झाली आणि उघडी पडलेली कातडी गडद झाली. रंगाशी संबंधित एका जनुकाच्या अभ्यासावरून हे किमान १२ लाख वर्षांपूर्वीच घडून गेलं असावं असा अंदाज आहे. म्हणजे आपली जात, होमो सेपियन्स, अवतरण्याच्या कितीतरी आधी.

गडद कातडी हवी होती कशासाठी? उन्हाने कातडी भाजते, कर्करोग होतो, हे खरं. पण असा कर्करोग बहुधा उतारवयात होतो, मुलंबाळं होऊन गेल्यावर. निसर्गाची निवड त्यावर फारशी चालत नाही. नीना जब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० साली दुसरं कारण पुढे मांडलं: फोलेट. आपल्याकडे गरोदर बाईला ज्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात, तेच हे जीवनसत्त्व. गर्भाच्या मज्जारज्जूची नीट घडण त्यावर अवलंबून असते, आणि प्रखर अतिनील किरणांनी ते रक्तात नासतं. कातडी गडद असली की ते वाचतं. उलट, ड जीवनसत्त्व बनण्यासाठी अतिनील किरण कातडीत थोडे तरी शिरावे लागतात. विषुववृत्तापासून दूर, जिथे वर्षातले कित्येक महिने ऊन तिरपं आणि क्षीण असतं, तिथे गडद कातडी नडते. या दोन गरजांच्या ओढाताणीत जगभरचे रंग ठरले, असा हा विचार आहे. कात्रज साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथल्या घाटात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. सावळा, गव्हाळ, काळा, निमगोरा या आपल्या सगळ्या छटा त्या उन्हाच्या हिशेबात बसतात.

यावरून एक सरळ कथा रचली गेली आणि ती पुष्कळ काळ शाळा-कॉलेजांत शिकवली गेली. आधुनिक माणूस सुमारे ४५,००० वर्षांपूर्वी युरोपात पोचला, तिथे ऊन कमी, म्हणून तो हळूहळू गोरा झाला, आणि हिमयुगातले गुहाचित्रं काढणारे शिकारी गोरेच होते. संग्रहालयांतले पुतळेही तसेच घडवले गेले. प्राचीन हाडांतला डीएनए वाचता येऊ लागला आणि ही कथा कोसळली.

१९०३ साली इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातल्या चेडर या गावी, गॉफ यांच्या गुहेत एका पुरुषाचा जवळपास पूर्ण सांगाडा सापडला. सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा. ब्रिटनमधला इतका जुना आणि इतका पूर्ण सांगाडा दुसरा नाही, म्हणून त्याला जवळजवळ पहिला ब्रिटिश माणूस असा मान होता. १९९७ साली त्याच्या मातृवंशाचा डीएनए तपासला, तेव्हा चेडरमधल्याच एका इतिहासाच्या शिक्षकाशी तो वंश जुळला. गावकऱ्यांना किती आनंद झाला असेल! मग २०१८ साली त्याच सांगाड्याच्या अधिक सखोल वाचनातून लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने आणि युनिव्हर्सिटी कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की चेडरच्या माणसाची कातडी बहुधा काळी किंवा गडद तपकिरी होती, केस गडद आणि डोळे निळे. काळ्या चेहऱ्यात निळे डोळे! आजच्या जगात ही जोडी आपल्याला क्वचितच दिसते, म्हणून ती अशक्य वाटते. पण तेव्हाच्या पश्चिम युरोपात ती विरळा नव्हती.

स्पेनच्या लेओन प्रांतात ला ब्रान्या इथे सापडलेला सुमारे ७,००० वर्षांपूर्वीचा शिकारीही तसाच: गडद कातडी, निळे डोळे. डेन्मार्कच्या लोलँड बेटावर तर हाडही मिळालं नाही. मिळाला तो भूर्ज झाडाच्या सालीपासून केलेल्या डांबराचा, कुणीतरी चघळून थुंकलेला तुकडा, ५,७०० वर्षांपूर्वीचा. त्या तुकड्यातून २०१९ साली एका मुलीचा किंवा बाईचा अख्खा जनुकसंच वाचला गेला. संशोधकांनी तिला लोला म्हटलं. तिची कातडी गडद, केस गडद, डोळे निळे. एवढंच नव्हे, तिने त्या आधी हेझलनट आणि बदक खाल्लं होतं, हेही त्याच तुकड्यातून कळलं. इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात १९९१ साली ममीच्या रूपात मिळालेला ओत्झी अनेकांना ठाऊक आहे. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याची ममी काळपट दिसते, तर तो बर्फात इतकी वर्षं राहिल्याचा परिणाम असं समजून त्याचे पुतळे गोरे, लांब केसांचे केले होते. २०२३ साली त्याचा डीएनए पुन्हा नीट वाचला. तो आजच्या दक्षिण युरोपीय लोकांपेक्षाही सावळा होता, आणि त्याला टक्कल पडत असावं. ममीचा रंग बराचसा त्याचाच होता!

मग आजचा गोरा युरोप आला कुठून? मुख्यतः माणसांच्या येण्याजाण्यातून. सुमारे ८,५०० वर्षांपूर्वीपासून आजच्या तुर्कस्तानातून, म्हणजे ॲनाटोलियातून शेतकरी युरोपात शिरू लागले. त्यांच्यापाशी एसएलसी२४ए५ या दुसऱ्या जनुकाचं फिकट रंगाचं रूप होतं. उत्तरेकडे स्कँडिनेव्हियातल्या काही शिकाऱ्यांकडे फिकट रंगाची रूपं आधीपासून होती. पुढे पाचएक हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून पशुपालक आले. या सगळ्यांचं मिश्रण झालं आणि मिश्रणानंतरही निसर्गाची निवड चालू राहिली. वाघाच्या रंगाशी निगडित असलेल्या आपल्या त्या एसएलसी४५ए२ जनुकाचं फिकट रूप तर गेल्या काही हजार वर्षांतच युरोपभर पसरलं. निवड इतक्या उशिरा का जोमाने चालली, याचं एक कारण जेवणात असावं असं अनेकांना वाटतं. शिकाऱ्याला मासे आणि काळजातून ड जीवनसत्त्व मिळत होतं. धान्यावर जगणाऱ्या शेतकऱ्याला ते उन्हातूनच मिळवावं लागलं. मला हे कारण पटतं, कारण निव्वळ ऊनच कारणीभूत असतं तर शिकारी आधीच्या कित्येक हजार वर्षांत गोरे व्हायला हवे होते.

एसएलसी२४ए५ ची ओळख पटली तीही मोठ्या मजेदार वाटेने. झेब्राफिश नावाचा इवलासा पट्टेदार मासा आपल्या अक्वेरियमच्या दुकानांत मिळतो. तो मूळचा आपल्याच उपखंडातल्या नद्यांचा. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. प्रयोगशाळांत या माशाची एक फिकट, सोनेरी जात पाळली जाते. अमेरिकेत कीथ चेंग यांच्या गटाने तिच्या फिकटपणाचं कारण शोधलं आणि २००५ साली जाहीर केलं. माशात ज्या जनुकाचं काम बंद पडलं होतं, त्याचाच माणसातला नमुना सोनेरी माशाच्या गर्भात घातला, तर माशाचे गडद पट्टे परत आले. मासा आणि माणूस यांची वाट चाळीसेक कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, तरी माशाचा रंग माणसाच्या जनुकाने परत आणला! मग माणसांत शोध घेतला तेव्हा दिसलं की युरोपीय लोकांत या जनुकाच्या प्रथिनातल्या १११व्या जागेवर एक बदल आहे, आणि युरोपीय व आफ्रिकी लोकांच्या रंगातला पाव ते एक-तृतीयांशाहून अधिक फरक त्या एका अक्षराने समजावता येतो.

आता हे आपल्या दाराशी कसं येतं, ते पाहा. २०१३ साली चंदना बसू मलिक, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे कुमारस्वामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अक्षराचा भारतात शोध घेतला. दक्षिण भारतातल्या १,२२८ जणांच्या कातडीचा रंग यंत्राने मोजला, आणि त्यांच्यातल्या रंगफरकाचा सुमारे २७ टक्के भाग या एका अक्षराने उलगडला. उपखंडातल्या ५४ समाजांतल्या १,५७३ जणांत ते अक्षर तपासलं. ते सगळीकडे पसरलेलं निघालं, कुठे फार, कुठे थोडं. मग त्यांनी जगभरच्या ९५ माणसांचं हे जनुक अक्षर-अक्षर वाचलं. निष्कर्ष असा की भारतातलं आणि युरोपातलं ते फिकट अक्षर दोन वेळा वेगवेगळं उपजलेलं नाही. ते एकदाच, एकाच माणसात उपजलं आणि त्याचा सगळा पसारा सुमारे २२ ते २८ हजार वर्षांपूर्वीच्या एका मुळापाशी पोचतो. ते अक्षर उत्तर भारतात निवडीच्या जोरावरही वाढल्याच्या खुणा आहेत, दक्षिणेत तशा खुणा नाहीत. म्हणजे स्टॉकहोममधल्या सोनेरी केसांच्या बाईच्या आणि आपल्या एखाद्या सावळ्या काकूच्या डीएनएत तेच अक्षर असू शकतं, त्याच एका पूर्वजाकडून आलेलं. काकूच्या रंगावर बाकीच्या जनुकांचा भार अधिक, म्हणून ती सावळी.

उलट उदाहरण चीन-जपानचं. तिथली माणसंही फिकट रंगाची आहेत, पण त्यांच्याकडे युरोपातलं ते अक्षर जवळपास नाहीच. त्यांचा फिकटपणा ओसीए२ सारख्या दुसऱ्या जनुकांतल्या बदलांतून, स्वतंत्रपणे आला. तसंच अंदमानचे आदिवासी. कातडीने ते आफ्रिकेतल्या लोकांसारखे दिसतात, म्हणून पूर्वीच्या अभ्यासकांनी त्यांना आफ्रिकेशी जोडलं. डीएनए सांगतो की ते आफ्रिकेपेक्षा आशियातल्या इतर माणसांना कितीतरी जवळचे आहेत. खुद्द आफ्रिकेत तर रंगांची रेलचेल आहे: दक्षिणेकडचे सान लोक बऱ्यापैकी उजळ, नाईलच्या वरच्या अंगाचे लोक अत्यंत गडद. सारा टिशकॉफ यांच्या गटाने २०१७ साली दाखवलं की फिकट आणि गडद, दोन्ही प्रकारची कित्येक अक्षरं आफ्रिकेतच आहेत आणि त्यांतली काही तर आपली जात उपजण्याआधीपासूनची आहेत.

शाहिस्तेखानावरच्या १६६३च्या छाप्यानंतर शिवाजीराजांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटात सोडले आणि मुघल फौज त्या उजेडामागे धावली, अशी गोष्ट सांगतात. राजे गेले दुसऱ्याच वाटेने. रंगाने विद्वानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना असाच कात्रजचा घाट दाखवला. पलिते दुरून दिसतात, फौज दिसत नाही. कातडीचा रंग मोजक्या जनुकांचा, उन्हाच्या दाबाखाली काही हजार वर्षांत बदलणारा. वंशाचा इतिहास अख्ख्या तीन अब्ज अक्षरांत विखुरलेला, बहुतांशी उन्हापासून अलिप्त. पण दिसतो तो रंग, म्हणून माग काढला रंगाचा, आणि त्याच्या जोडीला नाकाचा, कवटीचा.

हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची रुंदी मोजून हिंदुस्थानातल्या जाती वंशांत बसवल्या, आणि १९०१च्या जनगणनेचं काम त्याच्याच हाताखाली झालं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे नाक जितकं रुंद तितकी जात खालची. ज्या काळी शास्त्राचा पोशाख घालून अशा गोष्टी बोलल्या जात होत्या, त्याच काळाच्या शेवटी एक मराठी बाई संशोधनासाठी बर्लिनला गेली. इरावती कर्वे. धोंडो केशव कर्व्यांची सून. तिथे ऑयगेन फिशर हा तिचा मार्गदर्शक होता, पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा आधार बनलेला. त्याचा सिद्धान्त असा, की गोऱ्या युरोपीय माणसांचा मेंदू अधिक तर्कशुद्ध, म्हणून त्यांच्या कवटीच्या दोन बाजू अधिक असमान असतात. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. युरोपातल्या मोजल्या, जर्मन वसाहत असलेल्या पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या मोजल्या. असमानतेचा वंशाशी संबंध निघाला नाही. त्यांनी तसं लिहिलं. परक्या देशात, पंचविशीही न ओलांडलेल्या विद्यार्थिनीने, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच तोंडावर. १९३० साली डॉक्टरेट मिळाली, गुण मात्र फिशरने हात राखूनच दिले. मला या घटनेचा जितका अभिमान वाटतो तितकं तिच्याबद्दल आपल्याकडे बोललं जात नाही, ही खंतही वाटते.

इरावतीबाई पुढे येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. १९३९ साली पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियाही तिथेच रुजू झाले. पुण्याची प्रागैतिहासिक माणसं आपल्याला भेटतात ती या एका संस्थेमुळे. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा आंबिल ओढा शहरातून वाहत दत्तवाडीच्या बाजूला मुठेला मिळतो, आणि त्याच दत्तवाडीच्या परिसरात, मुठेच्या जुन्या गाळात अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली आहेत. आज जिथे चाळी आणि सोसायट्या आहेत, तिथे कुणीतरी दगड फोडून धार काढत होतं. त्यांच्या हातांचा रंग कोणता? दगड सांगत नाही, आणि हाडं शिल्लक नाहीत.

हाडं मिळाली ती इनामगावला. पुण्याच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी. १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या देखरेखीखाली तिथे बारा हंगाम उत्खनन झालं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढा काळ तिथे शेतकऱ्यांचं गाव नांदत होतं. बार्ली पिकवायचे, गुरं पाळायचे, तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाने नक्षी काढायचे. आणि आपली मेलेली माणसं घराच्या जमिनीखालीच पुरायचे. लहान मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांच्या पोटात ते मूल. मोठ्यांना उत्तर-दक्षिण आडवं पुरायचे आणि घोट्यापासून खाली पाय तोडून टाकायचे. मृताने घर सोडून कुठे जाऊ नये म्हणून असावं, असा ढवळीकरांचा तर्क होता. एक माणूस मात्र चार पायांच्या, माणसाच्या धडासारख्या मोठ्या रांजणात बसवलेला मिळाला, पाय शाबूत. तो गावचा प्रमुख असावा.

तिथे मिळालेल्या दोनशेहून अधिक दफनांतल्या हाडांचा अभ्यास जॉन लुकास आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी केला, त्यांचा ग्रंथ १९८६ साली आला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्या मुलांच्या हाडांवरून शेवटच्या शतकांतल्या कुपोषणाचा माग काढला. दातांच्या किडीवरून आहार कळला, हाडांच्या वाढीवरून उपासमार कळली, वय कळलं, आजार कळले. महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांबद्दल इतकं कळलं. पण ते गोरे होते की सावळे, हे कुठल्याही कवटीवर लिहिलेलं नसतं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आईने आपल्या बाळाला रांजणात ठेवलं, एवढं आपल्याला ठाऊक आहे. तिच्या हातांचा रंग नाही.

रंगासाठी डीएनए हवा, आणि उष्ण हवेत तो लवकर नासतो. हीच अडचण हरियाणातल्या राखीगढीला आली. तिथल्या हडप्पाकालीन स्मशानाचं उत्खनन डेक्कन कॉलेजचे तेव्हाचे कुलगुरू वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झालं. ६१ सांगाड्यांचे नमुने तपासले. कामापुरता डीएनए मिळाला तो फक्त एकीचा, सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा. कवटीत आतल्या कानाभोवती जे अत्यंत घट्ट हाड असतं, त्यात तो टिकला होता. २०१९च्या सप्टेंबरात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिच्या पूर्वजांचा एक भाग इराणच्या प्राचीन लोकांशी नात्यातला, पण शेती सुरू होण्याआधीच त्यांच्यापासून वेगळा झालेला. दुसरा भाग दक्षिण आशियातल्या आदिम शिकाऱ्यांचा, ज्यांचे दूरचे नातलग अंदमानात आहेत. गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश तिच्यात नाही. तो उपखंडात इसवी सनापूर्वी २००० ते १५००च्या सुमारास आला. त्यानंतरच्या दोन हजार वर्षांत सगळे सगळ्यांत मिसळले, आणि मगच जातीबाहेर लग्न न करण्याची कुंपणं घट्ट झाली. २००९ साली थंगराज, लालजी सिंग आणि डेव्हिड राईख यांच्या गटाने भारतातले २५ समाज तपासले होते. उत्तरेकडच्या प्राचीन पूर्वजांचा वाटा बहुतेक समाजांत ३९ ते ७१ टक्के निघाला. शून्य नाही, शंभरही नाही. निर्भेळ कुणीच नाही.

राखीगढीच्या स्त्रीचा वंश कळला, तसा तिचा रंग का सांगता येऊ नये? इथे रंग आणि वंश किती वेगळे प्रश्न आहेत ते लख्ख दिसतं. वंशाचा हिशेब लाखो अक्षरांवर मांडता येतो; निम्मीशिम्मी गळली तरी चालतं. रंगाचा अंदाज करायला तीन-चार डझन ठरावीक अक्षरंच नेमकी वाचता यावी लागतात, आणि तुटक्या डीएनएत ती सापडतीलच असं नाही. शिवाय अंदाजाची सूत्रं आजच्या माणसांवरून, त्यातही मुख्यतः युरोपीय माणसांवरून बसवलेली आहेत. म्हणून चेडरच्या माणसाबद्दलही 'बहुधा' म्हणावं लागतं.

आणि रंग व वंश वेगळे असल्याचा पुरावा आपल्या घरोघर आहे. एकाच आईबापांची दोन मुलं, एक उजळ, एक काळंसावळं. पाहुणे विचारतात, हा कुणावर गेला? आईबापांच्या मोजक्या रंगजनुकांची फेरवाटणी झाली, एवढंच. पूर्वज दोघांचे तेच.

शाळेच्या भिंतीवर आदिमानव रंगवणाऱ्यांना, पाठ्यपुस्तकांच्या चित्रकारांना आणि गणपतीत ऐतिहासिक देखावे उभारणाऱ्या मंडळांना एक विनंती आहे. दहा हजार वर्षांपूर्वीचा इंग्लंडमधला शिकारी दाखवाल तेव्हा तो गडद कातडीचा आणि निळ्या डोळ्यांचा दाखवा. इनामगावचं कुटुंब रंगवाल तेव्हा सगळ्यांना एकाच छटेत बुडवू नका, आणि रांजणातल्या त्या प्रमुखाला केवळ प्रमुख म्हणून उजळ करू नका. ब्रश हातात घेण्याआधी येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात एकदा जाऊन या. इनामगावच्या उत्खननातल्या वस्तू तिथे पाहायला मिळतात.